कारभाऱ्याचा कोट

१

सोमवारी सकाळी मी कपडे चाचपते. एकवीस वर्षं हेच करते आहे. शनिवारचा शेवटचा खेळ संपला की सगळ्यांचे अंगरखे, झगे, कोट उलटे करून दोरीवर टाकायचे, खिडकी बोटभर उघडी ठेवायची, आणि सोमवारी दहा वाजता येऊन एकेकाच्या काखेत हात घालून बघायचं, वाळलंय की नाही. नाटकातले जाड लोकरीचे कपडे धुता येत नाहीत. व्हिनेगरच्या पाण्याचा हात फिरवायचा आणि इस्त्री करायची, बस. कुणाचा घाम कसा, हे मला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक आहे. मिस्टर रोपर सेनापती होतात, त्यांचा घाम कांद्यासारखा. म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंना घामच येत नाही, नुसती पावडर उडते.

त्या सोमवारी सगळं खडखडीत वाळलं होतं. फक्त कारभाऱ्याचा काळा कोट काखेत ओला होता. दमट म्हणत नाही मी, ओला. बोटं भिजली माझी. आणि कोमट लागलं, आत्ताच कुणी अंगातून काढून ठेवल्यासारखं.

घाबरले वगैरे नाही. राग आला. नोव्हेंबरातली थंडी, कोळसा जपून जाळा असा मॅनेजरचा हुकूम. कुणीतरी फुकट्या नट रविवारी आत शिरून माझा कोट पांघरून झोपला असणार. मी कोट परत उलटा केला, शेगडीजवळ टांगला आणि मागच्या दारावर जोसायाला जाऊन विचारलं.

"काल कोण आलं होतं?"

"काल रविवार," जोसाया म्हणाला. "रविवारी मी देवळात. देवळात नसलो तर घरी. कुलूप मीच लावतो, चावी माझ्या उशाशी."

"मग माझा कोट कुणी घातला?"

"बाई, या इमारतीत तुझा कोट घालायची हिंमत कुणात आहे?"

२

नाटक जुनं आहे, शेकडो वर्षांपूर्वीचं. आमची कंपनी ते दर चार-पाच वर्षांनी काढते, शाळांची पोरं आणतात म्हणून तिकिटं खपतात. एक सेनापती, त्याची बायको, म्हातारी आई, धाकटा भाऊ. आणि घरचा कारभारी, ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास. कारभारी कुणाला बोट लावत नाही. नुसता बोलतो, तेही अर्धं. "काही नाही, सरकार," म्हणतो आणि गप्प राहतो, की पुढचं सेनापती स्वतःच बोलतो. तिसऱ्या अंकात तो पडद्याआडून धाकट्या भावाच्या आवाजात बोलतो आणि सेनापती ते ऐकतो. मग सेनापती भावाला मारतो, बायको विष घेते, म्हातारी छाती फुटून जाते, शेवटी सेनापती स्वतः. चार मुडदे. कारभारी जिवंत. दोन शिपाई त्याला धरून विंगेत नेतात आणि नाटक संपतं. त्याचं पुढे काय होतं, ते लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही. त्याचं नाटकातलं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. कारभारी म्हणायचं.

आमच्या कंपनीत एक रीत आहे. माझ्या आधी कपडे सांभाळणाऱ्या मिसेस टॅटरसॉलनी मला ती शिकवली. स्टेजवर मेलेला नट आत आला की त्याच्या पोशाखाचं पहिलं बटण आपण सोडायचं आणि त्याला त्याच्या घरच्या नावानं हाक मारायची. "उठा, मिस्टर रोपर." त्यांनी म्हणायचं, "उठलो, हेस्टर." मगच बाकीची बटणं. नवे नट हसतात. पण बटण सोडल्यावर मी क्षणभर थांबले की तेच मान पुढे करून उभे राहतात, कधी नाव घेते याची वाट बघत.

कारभारी मरत नाही, म्हणून त्याला कुणी उठवत नाही. एरवी त्याचं काही बिघडत नव्हतं, कारण शेवटी सगळे रांगेत उभे राहून नमस्कार करतात, त्यात तोही असायचा. लोक त्याची हुर्यो उडवायचे, तो हसायचा, संपलं. पण यंदा मॅनेजर पॉमफ्रेटच्या डोक्यात आलं की कारभाऱ्यानं नमस्काराला यायचंच नाही. लोकांना वाटलं पाहिजे की तो अजून कुठेतरी आहे.

"वाटेल, वाटेल," मी म्हटलं होतं. "आणि त्याच्या कपड्यांचं काय?"

"कपड्यांचं काय व्हायचंय?" पॉमफ्रेट म्हणाला. "तुला तेवढंच दिसतं."

हो, मला तेवढंच दिसतं. बाराव्या वर्षी शाळा सुटली, गिरणीत लागले, डोळे कापडावरच पक्के झाले.

३

कारभाऱ्याचं काम सिरिल हॅलम करायचे. गरीब माणूस. दम्याचा त्रास, बायको अंथरुणाला खिळलेली. शिपायांनी विंगेत आणलं की कोट माझ्या हातात टाकायचे आणि नमस्कार चालू असतानाच बस पकडायला पळायचे. त्यांना मी सोमवारी दुपारी गाठलं.

"मिस्टर हॅलम, माझा कोट घालून झोपता का कुठं?"

"हेस्टर, त्या कोटाची मला शिसारी येते. खेळ संपला की कधी एकदा काढतोय असं होतं."

"मग ओला कसा?"

ते बिचारे आपले हात नाकाशी नेऊन हुंगायला लागले. मी म्हटलं, राहू द्या.

मंगळवारी सकाळी मी इस्त्री करत होते. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात एक जागा पडदा लावून आडोशाची केलीय, नटांना कपडे बदलायला. आत एक तिपाई, एक खुंटी, बाकी काही नाही. पडद्याच्या कड्या वाजल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण आतून तिपाई करकरली.

"कोण?"

"मीच," हॅलमचा आवाज. मऊ, दम्यामुळे मध्ये मध्ये तुटणारा. "चालू द्या तुमचं. मी जरा बसतो."

"लवकर आलात आज."

"हो." मग बराच वेळ नुसता श्वास. मी बाह्यांची इस्त्री संपवली. "विनी बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय?"

"काही नाही."

"काही नाही तर विचारलंत कशाला?"

"सहज. माझंच चुकलं. काही नाही, हेस्टर."

विनी माझी धाकटी बहीण. प्रॉम्प्टर आहे, विंगेत खुर्चीवर पुस्तक घेऊन बसते, कुणी वाक्य विसरला की पुरवते. आम्ही एकाच घरात राहतो, एकाच किटलीतला चहा पितो. तिचं एक गुपित आहे आणि ते फक्त मला ठाऊक. तिला आता दिसत नाही. माणसाचा आकार दिसतो, उजेड-अंधार कळतो, अक्षर दिसत नाही. मांडीवरचं पुस्तक ती नुसतं धरते, पानं अंदाजानं उलटते. सगळी नाटकं तिला पाठ आहेत. पॉमफ्रेटला कळलं तर तिची नोकरी त्याच दिवशी जाईल, आणि विनीला त्या खुर्चीशिवाय दुसरं जग नाही.

म्हणून "विनी बरी आहे ना" हे मला रुतलं. दिवसभर कशातच मन लागेना. संध्याकाळी खेळाच्या वेळी मी उगीच तीनदा तिच्या विंगेत डोकावून आले.

४

बुधवारी कोट परत ओला. मी तो उलटसुलट केला, अस्तर बघितलं, खिसे बाहेर काढले. डाव्या खिशातून एक बटण पडलं.

शिंगाचं बटण, तपकिरी, चार भोकांचं. भोकांत तुटका दोरा तसाच होता. लाल.

माझा एक नवरा होता, अर्नेस्ट. एकतीस सालच्या मार्चमध्ये कामाला म्हणून गेला तो परत आला नाही. लिव्हरपूलहून बोटीनं गेला असं पुढे कुणीतरी सांगितलं. आदल्या रात्री मी त्याच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं होतं. घरात काळा दोरा संपला होता, म्हणून लाल वापरला. तो हसला होता. "सगळं गाव बघेल, हेस्टरनं मला टाका घातलाय." गाठ मी नेहमी दोनदा मारून वर एक आडवा टाका घेते. या बटणावर तसाच आडवा टाका होता.

मी खाली बसले. मग स्वतःला झापलं. अगं, एकवीस वर्षांत तू किती हजार बटणं लावली असशील. लाल दोऱ्याचं रीळ काय जगात एकच होतं? या कंपनीतलं प्रत्येक बटण तुझ्याच हाताचं आहे, तर टाका तुझाच असणार, दुसऱ्या कुणाचा असेल? हे सगळं मी मोठ्यानं बोलले. आणि बटण ॲप्रनच्या खिशात टाकलं, इतर बटणांच्या डब्यात नाही.

गुरुवारी सकाळी तिपाई परत करकरली.

"सापडलं का?" आतून आवाज आला.

"काय सापडलं?"

"काही नाही."

इस्त्री माझ्या हातात तापलेली होती. मी म्हटलं, "मिस्टर हॅलम, अर्धं बोलायची खोड स्टेजवर ठेवा. माझ्यासमोर बोलायचं तर पूर्ण बोला नाहीतर तोंड मिटा."

मग अगदी हळू, मला दुखवायचं नाही अशा सुरात, "तो गेला त्या दिवशी विनी स्टेशनवर काय करत होती, हे तुम्ही तिला कधी विचारलंच नसेल. बरं केलंत. मीही विचारलं नसतं."

"विनी कुठल्या स्टेशनवर?"

"माझंच चुकलं. विसरा."

आणि पुढे, जणू विषय बदलतोय असं, "तुम्ही रोज तिला कालव्यावरून नेता ना? किती सांभाळता. तिला एकदा तरी वाटत असेल का, की हा हात सुटला तर? सोडायचीही गरज नाही म्हणा. तिचं पाऊल आपणहून चुकेल, कुणी काही करायला नको."

शर्टावर इस्त्रीचा तपकिरी डाग पडला, त्याचा वास आला तेव्हा मला कळलं की मी कधीपासून उभी आहे.

५

मी पडदा ओढला. तिपाई रिकामी होती. खुंटीवर कारभाऱ्याचा कोट टांगला होता. मी तो शेगडीजवळ टांगला होता, दहा पावलांवर. तिथे नुसता हँगर हलत होता.

मी सरळ खाली जोसायाकडे गेले.

"हॅलम किती वाजता आले?"

"हॅलम? ते एक चाळीसच्या बसनं येतात, कायम. बायकोला जेवू घालून." त्यानं घड्याळ बघितलं. "आत्ता अकराला कसे येतील? तब्येत ठीक आहे ना तुझी? चहा घेतेस? साखर नाही, माझं रेशन संपलं."

मी चहा घेतला. बिनसाखरेचा चहा पीत मी हिशेबानं विचार केला. माणूस थकला की कानात आवाज येतात. नाटक आठवडाभर ऐकून कारभाऱ्याचं बोलणं डोक्यात बसलं असणार. कोट मीच कुठेतरी टांगला, मीच विसरले. बटण माझंच. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि मला पटलंही. सगळं पटूनही एक गोष्ट मात्र मागे राहिली: स्टेशनवर विनी काय करत होती?

बघा, कसं असतं. आवाज खोटा आहे हे मी मान्य केलं, आणि त्यानं सांगितलेलं तसंच ठेवून घेतलं.

त्या दिवशी मी विनीकडे बघत राहिले. ती कशी पाव कापते, कशी माझा आवाज आला की चेहरा वळवते. एकवीस वर्षांत तिनं अर्नेस्टचं नाव स्वतःहून एकदाही काढलं नव्हतं. मी याला तिचा चांगुलपणा समजत होते.

"काय बघतेस?" विनी म्हणाली.

"तुला काय कळतं मी बघतेय ते?"

"तू बघतेस तेव्हा तुझं चमचा वाजवणं थांबतं."

मलाही दिसत होतं, तीही आठवडाभर नीट बोलत नव्हती. एका प्रश्नाला एक शब्द. मी ते तिच्या डोळ्यांच्या त्रासापायी असं धरलं होतं. आता वाटायला लागलं, मनात काही असेल म्हणून.

६

शुक्रवारी दुपारी शाळांसाठी जादा खेळ होता. दुपारचा खेळ आणि संध्याकाळचा यांच्यामध्ये आम्ही घरी जातो. वाटेत कालवा लागतो. बोटी वरखाली करायची मोठी लाकडी फाटकं आहेत तिथे, आणि फाटकांच्या माथ्यावरून माणसाला जायला एक फळी. एका अंगाला कठडा, दुसऱ्या अंगाला बारा फूट खाली काळं पाणी. मधला कठड्याचा दांडा महिन्याभरापासून तुटलेला होता. दोघी शेजारी-शेजारी मावत नाहीत. मी पुढे, विनी मागे, तिचा हात माझ्या मागे केलेल्या हातात.

धुकं होतं. साडेचारलाच दिवे लागले होते आणि त्यांचा काही उपयोग नव्हता.

मधोमध मी हात सोडला.

ढकललं नाही. नाक शिंकरायचं आहे म्हणून सोडला, असं मी स्वतःला सांगितलं. पण रुमाल काढला नाही. दोन पावलं पुढे गेले आणि उभी राहिले.

"हेस्टर?"

मी बोलले नाही. खाली फाटकाच्या फटीतून पाणी गळत होतं, त्याचा आवाज. विनीच्या बुटाची टाच फळीवर सरकल्याचा आवाज.

"हेस्टर, तू पॉमफ्रेटला सांगितलंस ना?" विनी म्हणाली. तिच्या आवाजात घाबरणं नव्हतं, थकवा होता. "माझ्या डोळ्यांचं. आणि घरही एकटीच्या नावावर करून घेणार आहेस. मला ठाऊक आहे. तुला हेच करायचं असेल तर कर, पण आधी हो म्हण."

मी तिच्याकडे वळले.

"तुला कुणी सांगितलं?"

"मिस्टर हॅलमनी. खेळ चालू असताना माझ्या खुर्चीमागे येऊन बसतात. रोज."

"खेळ चालू असताना हॅलम स्टेजवर असतात, विनी."

मला दिसत होतं, ती मनातल्या मनात अंक उलटतेय. तिसरा अंक, चौथा अंक, कोण कुठे उभं असतं ते. तिला पाठ होतं.

"हो," ती हळूच म्हणाली. "असतात."

मी दोन पावलं मागे आले आणि तिचा हात पकडला. बर्फासारखा होता. तिथेच, त्या तुटक्या दांड्यापाशी, मी विचारलं. स्टेशनचं.

"गेले होते," विनी म्हणाली. "त्याला थांब म्हणायला. तो थांबला नाही. तुला सांगायची हिंमत झाली नाही, मग वर्षं गेली. आणि तू? सांगितलंस का पॉमफ्रेटला?"

"त्याला नाही. त्याच्या बायकोला एकदा म्हटलं होतं, विनीला हल्ली जड जातं. तेवढंच."

"तेवढंच," विनी म्हणाली.

दोघींकडे एकेक खरी गोष्ट होती. त्यानं अर्धंच सांगितलं होतं, उरलेलं आम्हीच जोडलं. आम्ही तिथे उभ्या राहून रडलो नाही, आम्ही तशा नाही. मी तिला धरून पलीकडे नेलं आणि घरी जाऊन किटली ठेवली.

७

शेवटचा खेळ शनिवारी दुपारचा, संध्याकाळी हॉल बँडवाल्यांच्या स्पर्धेला दिला होता. मी हॅलमना आधीच बजावलं.

"आज तुम्हाला मी उठवणार. बटण मी सोडणार, नाव मी घेणार, मग बस."

"मी मरत नाही, हेस्टर."

"म्हणूनच."

ते हसले, पण मान डोलावली. "बस चुकेल."

"चुकू दे. दुसरी येते."

शेवटचा प्रवेश. मी उजव्या विंगेत उभी, जिकडून त्याला रोज आणतात. समोर, स्टेज ओलांडून डाव्या विंगेत विनी खुर्चीवर, मांडीवर पुस्तक. चार मुडदे पडले. शिपायांनी कारभाऱ्याला धरलं. दिवे मंदावले, पडदा सरकायला लागला, पोरं टाळ्या वाजवायला लागली.

काळा कोट माझ्यासमोर आला. शिपाई दिसले नाहीत, मागे राहिले असतील म्हटलं. मी कॉलर धरली. धुण्याच्या टबातून काढलेल्या कपड्यासारखा जड होता आणि तापलेला. पहिलं बटण सोडलं.

"उठा, मिस्टर हॅलम."

"हो? मला हाक मारलीत?"

उत्तर मागून आलं. लांबून, स्टेजच्या पाठीमागच्या वाटेनं. मान न वळवता मला कळलं, हॅलम धापा टाकत येताहेत.

"अहो, तुम्हीच पलीकडे, विनीच्या विंगेत बोलावलंत ना? 'इकडे या, कोट द्या' म्हणून. शिपाई मला तिकडूनच घेऊन गेले. अंधारात तुमच्या हातात दिला की कोट."

"मी बोलावलं?"

"तुमचाच आवाज होता."

माझे हात कॉलरवर होते. मी कॉलरच्या वर बघितलं नाही. शपथेवर सांगते, पूर्ण बघितलं नाही. हनुवटी दिसली आणि तोंड दिसलं. तोंड हलत होतं. भराभर, शब्दामागून शब्द, आणि आवाज अजिबात नव्हता. मी नजर तिथून काढायची म्हणून समोर टाकली. सरकत्या पडद्यामागे स्टेजपलीकडे विनी खुर्चीत बसली होती. डोकं जरा तिरकं, कान वर. आणि मान डोलवत होती.

मी उरलेली बटणं एका ओढीत तोडली. कोट माझ्या हातांवर पडला, नुसता कोट. बटणं लाकडी जमिनीवर घरंगळत गेली. त्यांचा आवाज मी टाळ्यांतूनही ऐकला.

"हेस्टर," हॅलम म्हणाले, "तुम्ही आत्ता कुणाशी बोलत होतात?"

मी त्यांची सगळी बटणं सोडली, शर्टाची. दोनदा त्यांचं नाव घेतलं. ते दोनदा उठलो म्हणाले. मग म्हटलं, आता पळा, बायको वाट बघत असेल.

विनीला विचारलं, मान कशाला डोलवत होतीस? ती म्हणाली, "तू म्हणालीस ना, आवर, निघू या?"

८

कोट मी तळघरातल्या बॉयलरमध्ये टाकला. ओली लोकर पेटत नाही, धुमसते. जोसाया नाकाला रुमाल लावून उभा होता. पॉमफ्रेट म्हणाला कोटाचे पैसे पगारातून कापीन. काप म्हटलं. ते लाल दोऱ्याचं बटण मात्र ॲप्रनच्या खिशात नव्हतं. खिसा फाटला नव्हता.

पुढच्या आठवड्यात विनोदी नाटक लागलं. सोमवारी सगळे कपडे कोरडे. मी सगळ्यांच्या काखेत दोनदा हात घालून बघितलं.

विनीनं आणि मी एक ठरवलं होतं. फळीवर चढताना एकमेकींना नावानं हाक मारायची आणि समोरचीनं "आहे" म्हणायचं. विनीचीच कल्पना. "तू इतरांना उठवतेस तसं," ती म्हणाली. मला बरं वाटलं होतं ते.

मंगळवारी सकाळी तालमीला निघालो. दहा वाजता पांढरंफटक धुकं, माझा स्वतःचा बूट मला दिसेना. मी पुढे, ती मागे, हात हातात. तुटक्या दांड्यापाशी आलो.

"विनी," मी म्हटलं.

"आहे."

"हं."

"हेस्टर," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. उघडलं फक्त, आवाज काढला नव्हता.

"आहे," कुणीतरी म्हणालं.

माझा आवाज होता. गिरणीतल्या धुळीनं घोगरा झालेला, शेवटाला जरा वर जाणारा, अगदी माझा. आणि तो उजवीकडून आला होता, जिकडे कठडा नाही.

विनीनं तो ऐकला. तिचा हात माझ्या हातात वळला आणि ती निर्धास्तपणे त्या बाजूला पाऊल टाकायला निघाली, जशी गेली चाळीस वर्षं माझ्या आवाजाकडे येतेय तशी.

मी दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं, गुडघे टेकले आणि तिला फळीवर दाबून बसवलं. तिचा एक पाय पाण्याच्या बाजूला लोंबकळत होता. तिच्या कोटाला धरून मी तो वर घेतला. मग आम्ही तशाच बसून सरकत निघालो, लहान पोरींसारख्या. मी तिच्याशी बोलत नव्हते. बोलायचं नव्हतंच.

"हेस्टर, हात सोड गं," विनीचा आवाज म्हणाला. मऊ, थोडा रडवेला. "दुखतोय मला. सोड ना."

विनीचं तोंड माझ्या खांद्यात दाबलेलं होतं. तिचा श्वास मला कपड्यातून लागत होता. ते तोंड हललं की नाही, मला सांगता येणार नाही.

मी सोडला नाही. तिच्या मनगटावर माझी पाचही बोटं आजवर आहेत, निळी होती ती आता पिवळी पडलीत. रोज चार वेळा आम्ही ती फळी ओलांडतो आणि रोज मधोमध तो आवाज मला हात सोडायला सांगतो. कधी तो विनीचा असतो. पलीकडे गेल्यावर विनी विचारते, मी काही म्हणाले का? मी म्हणते, नाही, काही नाही.